‘गळती’ या शब्दाविषयी : ‘झोंबी’च्या निमित्ताने

खेड्यातील मुलाने शाळा सोडली, की सरकारी अहवालांत ‘गळती’ म्हणून त्याची नोंद होते. हा शब्द आम्हांस नेहमीच खटकत आला आहे. घागर गळते, छप्पर गळते. तेथे कर्ता कोणी नसतो. आनंद यादव यांची ‘झोंबी’ (१९८७) पुन्हा वाचताना मात्र कर्ता पानोपानी भेटतो.

या आत्मचरित्रातील मुलगा गळत नाही. त्याला बाप शाळेतून काढतो. कागलला शाळा होती, मुलाला गोडीही होती. ज्या घाटगे घराण्यात शाहू महाराज जन्मले ते याच गावचे, आणि महाराजांनी १९१७ सालीच संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले होते. परंतु मळ्याचा हिशेब निराळा. इतरांच्या आधी गुऱ्हाळ लावले तर गुळाला भाव बरा मिळतो, त्यासाठी घरचे हात हवेत; शिवाय मुलगा मळ्यात राबला म्हणजे बाप गावात हिंडावयास मोकळा! यादव हे काहीच झाकत नाहीत, आणि बापाला निव्वळ खलनायकही करीत नाहीत.

आमच्या मते या ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग पुढेच आहे. आई मुलाला घेऊन रात्री दत्ताजीरावांकडे जाते, त्यांच्या दटावणीने बाप नमतो, पण अटी घालून. अकरापर्यंत मळा, मग शाळा, शाळा सुटल्यावर गुरे; कामाची घाई असेल त्या दिवशी शाळा नाही. हा मजुरीचा करारच होय. मात्र ही परतलेल्या मुलाची कथा आहे. ज्याच्या आईला जावयाला असा वाडाच नव्हता, त्याने आत्मचरित्र लिहिले नाही.

तो करार अद्याप मोडलेला नाही. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क दिला. तरीही ऊसतोडीचा हंगाम आला की बीडकडून कोल्हापूर-बेळगावच्या फडांकडे निघालेल्या टोळ्यांबरोबर मुलेही निघतात. कोप्यांवर तान्हे सांभाळावयास थोरली बहीण लागते, आणि तिचे शाळेचे वर्ष मध्येच तुटते. तिचीही नोंद पुढे गळती म्हणूनच व्हावयाची.

‘झोंबी’चा एक अंश ‘जूझ’ या नावाने बारावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात गेला. इंदूर-ग्वाल्हेरकडील आमच्या अनेक वाचकांच्या मुलांनी तो मराठीआधी हिंदीतच वाचला असेल. तेथे तो चिकाटीचा व काव्यप्रेमाचा धडा झाला. धड्याखाली एक प्रश्न आहे : शिक्षणाविषयी लेखक व दत्ताजीराव यांचा दृष्टिकोन योग्य, की वडिलांचा? उत्तर अर्थातच ठरलेले. मुलगा शाळेत गेल्यावर उसाला पाणी कोणी पाजावयाचे, हे मात्र तेथे कोणी विचारलेले नाही.