अंगावर काढलेलं धावणं

मॅरेथॉनचा सराव सुरू केला की कुणी ना कुणी हारुकी मुराकामीचं ‘व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग’ हातात ठेवतंच. मला ते प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने दिलं. मूळ जपानी पुस्तक २००७चं, फिलिप गेब्रिएलने केलेला इंग्रजी अनुवाद २००८चा. मी पोस्टडॉकसाठी केंब्रिजला राहते. पुस्तकात मुराकामी ज्या चार्ल्स नदीच्या काठाने पळतो, तीच माझी रोजची वाट. त्यामुळे पुस्तक पहिल्या पानापासून ओळखीचं वाटलं. मी ते दोनदा वाचलं. एकदा सराव ऐन भरात असताना, आणि एकदा नडगीच्या हाडाला बारीक तडा गेल्यावर, पाय उशीवर ठेवून. दुसऱ्या वाचनात ते मला तितकं निरुपद्रवी वाटलं नाही.

आधी त्याचं श्रेय. हे पुस्तक धावण्याचे धडे देत नाही, यशाचे मंत्र सांगत नाही. जॅझ बार विकून पूर्णवेळ लेखक झालेला माणूस १९८२मध्ये, तेहतिसाव्या वर्षी धावायला लागतो आणि पुढे २००५च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनची तयारी करता करता मागे वळून पाहतो, एवढंच. सूर साधा आहे. म्हातारपणी वेळ मंदावत जाते, हेही तो लपवत नाही.

प्रश्न आहे तो शरीराशी बोलण्याच्या त्याच्या पद्धतीचा. त्याच्या मते स्नायू कामाच्या जनावरांसारखे असतात. ओझं हळूहळू वाढवलं तर मुकाट्याने वाहतात, चार दिवस मोकळे सोडले तर काम संपलं असं समजतात. स्नायूंपुरतं हे बरंचसं खरं आहे. पण हाडाचं गणित निराळं. नव्या भाराची सवय हृदयाला आणि स्नायूंना लवकर होते, हाडाला जास्त वेळ लागतो. दम टिकतोय, पाय उचलले जातायत, म्हणून आपण अंतर वाढवत नेतो आणि हाड मागे राहतं. मुराकामीच्या गोठ्यात या जनावराची नोंदच नाही.

पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण १९९६च्या होक्काइदोमधल्या सारोमा सरोवराच्या शर्यतीचं. अंतर १०० किलोमीटर. पंचावन्न किलोमीटरनंतर एकेक अवयव बंड करून उठतो आणि मुराकामी फ्रेंच राज्यक्रांतीतल्या वक्त्यासारखा त्यांची समजूत घालत राहतो. मी माणूस नाही, यंत्र आहे, असं स्वतःला बजावतो. पंचाहत्तरच्या आसपास काहीतरी ओलांडलं जातं आणि तो ११ तास ४२ मिनिटांत शर्यत पुरी करतो. पहिल्या वाचनात माझ्या अंगावर काटा आला होता. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं, की इथे शरीराचं कुणी ऐकतच नाहीये. त्याच्यापुढे भाषण चाललंय.

गंमत म्हणजे पुढच्याच पानांवर मुराकामी प्रामाणिकपणे सांगतो, की त्या शर्यतीनंतर धावण्यातला त्याचा आनंदच आटला. त्याने तो उदासपणा बराच काळ सोसला. माझ्या मते पुस्तकाचा गाभा इथे आहे. गप्प केलेल्या शरीराने दिलेलं ते उत्तर आहे. पण चाहते पंचाहत्तरावा किलोमीटर लक्षात ठेवतात आणि ही पानं विसरतात. मीही तेच केलं.

दुसरी एक गोष्ट मला पहिल्यांदा दिसलीच नव्हती. चार्ल्सच्या काठावर हार्वर्डच्या नव्या विद्यार्थिनी सोनेरी पोनीटेल उडवत मुराकामीला मागे टाकून जातात. तो त्यांच्याकडे कौतुकाने पाहतो. पण पाठमोऱ्याच. त्या मुलींची शरीरं काय म्हणत असतील, हे या पुस्तकात कुठून येणार? माझी पाळी दोन महिने चुकली होती. मी ते पोस्टडॉकच्या ताणावर ढकललं. खाणं कमी आणि धावणं जास्त झालं, की पाळी बिघडते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या सगळ्या अवस्थेला एक नाव दिलं तेही २०१४मध्ये. २००७च्या पुस्तकाला त्याचा दोष देता येणार नाही. मात्र एका पुरुषाच्या शरीराचं आत्मकथन आपण सर्वांसाठीचं मार्गदर्शन म्हणून वाटत सुटलो, हा दोष आपला वाचकांचा.

‘शरीराचं ऐका’ असं धावणारे सगळेच म्हणतात. पण ऐकायचं तर शब्द लागतात. फिजिओथेरपिस्टने विचारलं, ‘शार्प की डल?’ मला उत्तर सुचेना. मनात मराठीत म्हणून पाहिलं तेव्हा सगळं स्वच्छ झालं. लांब पल्ल्यानंतर दोन्ही मांड्या भरून येतात, पोटऱ्यांत पेटके येतात, ते एक-दोन दिवसांत ओसरतं. नडगी मात्र एकाच जागी, बोटाएवढ्या ठिकाणी दुखत होती. आधी धावताना सलायची, मग चालताना, शेवटी रात्री अंथरुणातही ठणकू लागली. भरून येणं आणि ठणकणं यांतला फरक मला लहानपणापासून ठाऊक होता. इंग्रजीत ते सगळं ‘पेन’ झालं, आणि ‘पेन’ सोसायचं असतं असं मी नुकतंच वाचलं होतं. पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, तेव्हा तर मला जिंकल्यासारखं वाटलं. तडा दिसला तो नंतरच्या एमआरआयमध्ये.

त्या सुमारास फोनवर आई म्हणाली होती, ‘अगं, अंगावर काढू नकोस.’ मी हसण्यावारी नेलं. सारोमाच्या प्रकरणाचं याहून नेमकं परीक्षण मला अजून सुचलेलं नाही.

आपल्या थडग्यावर ‘निदान शेवटपर्यंत चालला तरी नाही’ अशा अर्थाचं काही लिहिलेलं मुराकामीला हवं आहे. पुस्तक कपाटात आहे, टाकून दिलेलं नाही. उदासपणाची ती पानं मी कुणालाही वाचायला देईन. परवा चार महिन्यांनी पहिल्यांदा नदीकाठी धावायला गेले. दुसऱ्या मैलाला नडगीत जरा सललं. थांबले, बोटाने दाबून पाहिलं, आणि घरी चालत आले.