दारिद्र्यरेषेच्या पलीकडचे दांडेकर

प्रा. वि. म. दांडेकर (१९२०-१९९५) यांचे नाव निघाले की दारिद्र्यरेषाच आठवते. याला कारण, नीळकंठ रथ यांच्या सहकार्याने लिहिलेला 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा १९७१ चा त्यांचा प्रबंध. माणशी रोज २,२५० उष्मांक देणारा आहार गृहीत धरून, १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात दरमहा १५ रुपये व शहरात साडेबावीस रुपये हा किमान खर्च त्यांनी ठरविला. खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांना तेवढाही परवडत नव्हता. मोजपट्टी इतकी कंजूष असूनही आकडा एवढा मोठा निघावा, हाच खरा धक्का होता.

परंतु हा प्रबंध अर्धाच वाचला गेला, असे आमचे मत आहे. उत्तरार्धात लेखक उपायांकडे वळतात. जमिनीच्या फेरवाटपाने प्रश्न सुटणार नाही, कारण सर्वांना पुरेल एवढी जमीनच नाही, असे ते सांगतात. हा पोथीतला निष्कर्ष नव्हे. मुंबई राज्यातील कूळकायद्याची अंमलबजावणी जवळजवळ झालीच नाही, हे दांडेकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दाखविले होते. म्हणून मागेल त्याला सार्वजनिक कामावर मजुरी द्यावी आणि त्याचा भार सधनांनी सोसावा, ही त्यांची मागणी. महाराष्ट्रात रोजगार हमी योजना १९७२ मध्ये सुरू झाली व १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिचे श्रेय प्रामुख्याने वि. स. पागे यांचे, पण विचाराची दिशा तीच.

गंमत अशी, की या उपायाला रेषेची गरजच नाही. उन्हात खडी फोडायला येणाऱ्याकडे उत्पन्नाचा दाखला कोण मागणार? गरीब किती, हे अजमावण्यासाठी आखलेली रेषा पुढे गरीब कोण, हे ठरविण्यासाठी वापरली गेली. समित्यांनी तिची आकडेमोड बदलली. १९९७ साली रेशनही तिच्या वर-खाली विभागले गेले, आणि काठावरची कुटुंबे कार्डासाठी खेटे घालू लागली.

हा दोष लेखकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मात्र एक उणीव त्यांचीच. पुण्यातच डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी माणसामाणसाची आहाराची गरज वेगळी असते, हा आक्षेप घेतला तेव्हा दांडेकरांनी त्याला कडाडून विरोध केला. पण त्या गाजलेल्या वादातही घराच्या उंबरठ्याआत फारसे कोणी डोकावले नाही. घरखर्चाला माणसांच्या संख्येने भागले, की चुलीपाशी सर्वांत शेवटी जेवणारीचे ताट हिशेबातून निसटते.