लोकप्रियता आणि प्रातिनिध्य : उत्तर मुंबईच्या 2004 मधील निकालाची मीमांसा

मराठीत ‘निवडणे’ या क्रियापदाचे दोन व्यवहार आहेत. धान्य निवडताना खडे बाजूस काढावयाचे असतात. वस्त्र निवडताना मनास रुचेल ते उचलावयाचे असते. ‘निवडणूक’ या शब्दात दोन्ही व्यवहारांना जागा आहे. तथापि, उमेदवाराच्या लोकप्रियतेची चर्चा करताना दुसराच तेवढा गृहीत धरला जातो, आणि त्यावरून मतदाराच्या अविवेकाचा निष्कर्ष घाईने काढला जातो. उत्तर मुंबई मतदारसंघाचा 2004 मधील निकाल हे या घाईचे ठळक उदाहरण होय.

1964 मध्ये गोरेगाव प्रवासी संघ स्थापून उपनगरी रेल्वेप्रवाशांची गाऱ्हाणी मांडणारे राम नाईक बोरिवलीतून तीनदा विधानसभेवर, आणि 1989 ते 1999 या काळात पाच वेळा लोकसभेवर निवडून आले होते. 2004 मध्ये, पेट्रोलियममंत्री असताना, अभिनेते गोविंदा यांनी त्यांचा सुमारे 48 हजार मतांनी पराभव केला. पडद्याने कार्यावर मात केली, असा या निकालाचा अर्थ लावला जातो.

हा अर्थ अपुरा आहे. त्याच निवडणुकीत मुंबईतील सहांपैकी पाच जागा काँग्रेसने जिंकल्या. मुलुंड-घाटकोपरच्या ईशान्य मुंबईत गुरुदास कामत यांनी किरीट सोमय्यांना, तर अन्यत्र एकनाथ गायकवाड यांनी लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशी यांना हरविले. या विजेत्यांपाशी रुपेरी वलय नव्हते. उलटपक्षी, 2019 मध्ये त्याच उत्तर मुंबईत ऊर्मिला मातोंडकर 4 लाख 65 हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाल्या. यास्तव लोकप्रियता वाऱ्याची दिशा बदलीत नाही. फार तर अनुकूल वाऱ्यास शीड पुरविते, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

लोकप्रियता आणि कर्तव्य यांत उपजत वैरही नाही. अंधेरी-जुहू परिसराचे प्रतिनिधित्व करणारे सुनील दत्त 1984 पासून पाच वेळा निवडून आले. 1987 मध्ये त्यांनी मुंबई ते अमृतसर अशी शांतियात्रा पायी केली. त्यांच्या बाबतीत लोकांचा स्नेह सार्वजनिक कार्याचे भांडवल ठरला. याउलट गोविंदांवर संसदेतील अल्प उपस्थितीबद्दल टीका झाली, आणि 2009 मध्ये ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

खरी हानी येथे होते. पुन्हा उभा न राहणारा प्रतिनिधी मतदारास हिशेब मागण्याची संधीच देत नाही. मग व्यक्तीविषयीची निराशा मतदानाच्या क्रियेवरच उतरते, आणि ‘कोणी आला तरी काय फरक पडतो’ हा उद्गार रूढ होतो. 2013 पासून उपलब्ध झालेला ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय त्या निराशेची नोंद करतो. लोकसभेच्या निकालावर मात त्याचा परिणाम होत नाही.

‘उमेदवार’ म्हणजे मुळात उमेद बाळगणारा. मतदारानेही उमेद बाळगावी, परंतु ती आवडीवर न सोडता हिशेबाशी जोडावी. आवड हा निवडीचा आरंभ असू शकतो. खडे वेचण्याचे काम त्यानंतरही उरतेच.