दोडका संध्याकाळी फुलतो

दोडक्याचं फूल दुपार कलल्यावर उमलतं, गिलक्याचं पहाटे. (इतरत्र ज्याला घोसाळं म्हणतात ते खानदेशात गिलकं.) दोघांची फुलं पिवळी, कूळ एक, बहुधा मांडवही एकच, पण वेळ जुळत नाही. गच्चीवर बाग करणाऱ्याची जाण मी या एका गोष्टीवरून जोखतो. वरच्या मजल्यावर मधमाश्या कमी फिरकतात, तेव्हा नरफूल खुडून त्याचे परागकण मादीफुलाला लावायचं काम माणसावरच येतं. नरफुलं घोसानं येतात. मादीफूल एकटं येतं आणि त्याच्या पाठीशी बोटभर फळ आधीच लागलेलं असतं. सकाळी चहाचा कप घेऊन दोडक्याला परागकण लावणारा मनुष्य हौशी. दिवेलागणीला वर जाणारा जाणकार.

मी सांगतोय त्या गच्च्या सारंगखेड्यातल्या, आणि ते तापीकाठचं, शहादा तालुक्यातलं गाव, शहर नव्हे. पण धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं की परसाची जागा खोल्यांनी खाल्ली जाते आणि भाजी वर चढते. रंगाचे रिकामे डबे, कापलेले ड्रम, सिमेंटच्या गोण्या. दिसायला ओबडधोबड. पण अशा बागेची खरी गोडी डोळ्यांना कळत नाही. ती तोडणीच्या वेळेत असते. बाजारची भाजी प्रवास झेपेल तेव्हा तोडतात, गच्चीवरची तोंडाला रुचेल तेव्हा. सगळा फरक इथून सुरू होतो. ‘ताजी’ हा शब्द त्यासाठी फार ढोबळ आहे.

पपई घ्या. शहादा तालुका पपईचा, आणि इथल्या शेतांवर राज्य ‘तैवान ७८६’चं, म्हणजे रेड लेडी जातीचं. फळावर पिवळी रेघ उमटली की ते उतरवायचं, कागदात गुंडाळायचं आणि उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये भरायचं. व्यापाराला दुसरा इलाज नाही. पण पपई काही केळं नव्हे. केळ्यात पिष्ट साठलेलं असतं, त्याची साखर तोडल्यानंतरही होत राहते. पपईत असा साठा नसतोच म्हटलं तरी चालेल. तोडल्यावर ती मऊ होते, रंगते, पण गोडी वाढत नाही. जी काय गोडी यायची ती झाडावर असतानाच. म्हणून ड्रममधल्या झाडावर निम्म्याहून अधिक पिवळं होईस्तोवर, बुलबुलांपासून वाचवायला जुन्या कापडाची पिशवी बांधून राखलेलं फळ आकारानं लहान असलं तरी चवीला शेतातल्या फळाला मागे टाकतं. ते फळ ज्या शेतकऱ्यानं पिकवलं त्याच्या कसबाचा हा दोष नव्हे. त्याला थांबायची मुभा नाही, एवढंच. गच्चीसाठी या जातीचा आणखी एक गुण: देशी पपईत नर-मादी झाडं वेगळी असतात, आणि जागा आधीच थोडी असताना नुसत्या फुलांचं नरझाड पोसणं परवडत नाही. रेड लेडीत ती अडचण नाही.

पपईला थांबावं लागतं, तर गिलक्याला अजिबात थांबायचं नसतं. वीतभर, हाताला मऊ, नख सहज रुतेल असं असतानाच ते काढावं. दोन दिवस उशीर झाला की आत जाळी धरू लागते. आठवड्यानंतर त्याची भाजी होत नाही, वाळवून अंग घासायला वापरता येतं एवढंच. अशा कोवळ्या गिलक्याला लसूण आणि हिरवी मिरची पुरते. शेंगदाण्याचा कूट घालणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आता मातीकडे येऊ, कारण तापीखोऱ्याची काळी माती ही शेतात लक्ष्मी आणि कुंडीत डोकेदुखी. पाणी मिळालं की फुगते, वाळली की भेगाळते, आणि त्या भेगांत मेथीची कोवळी मुळं तुटतात. तिला भुसभुशीत करायला भरपूर सेंद्रिय माल लागतो. इथे सारंगखेड्याचं नशीब बघा: मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. सगळे घोड्यांची चाल, कान, भोवरे निरखत असतात. बागवाल्याची नजर खाली लिदेवर गेली तर त्याला नावं ठेवू नयेत. शेणापेक्षा लीद मोकळी, हवेशीर आणि गरम. ढीग लावला की आतून चांगलीच तापते, म्हणून मुरल्याशिवाय कुंडीत घालायची नाही. आणि घोडं गाईसारखं रवंथ करत नाही, त्यामुळे गवताचं बी लिदेतून जिवंत बाहेर पडतं. ढीग नीट तापू दिला नाही तर पुढचे कितीतरी दिवस तण उपटत बसावं लागतं.

मातीऐवजी कुजलेल्या पालापाचोळ्यात पिकवायचं, हे वेड मराठी मुलखाला नवं नाही. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर मूळचे गणिताचे. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, आणि पानावर पडणारं ऊन हेच खरं भांडवल, असा हिशोब घराघरांतल्या बागांपर्यंत नेला. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळझाडं आणि भाज्या उभ्या केल्या, तेव्हा त्या हिशोबाला शहरातलं उत्तर मिळालं. मुंबईत ऊन गाठायला इमारतींवर चढावं लागतं. सारंगखेड्यात प्रश्न उलटा, ऊन नको इतकं.

थंडीत मात्र ही गच्ची ऐन भरात असते आणि तिचा मानकरी भरिताचं वांगं. लांबट, पोपटी-पांढरं, देठाला काटे. कातडी चमकतेय आणि अंगठ्यानं दाबलं तर खळगा पुन्हा भरून येतोय, तोवर ठीक. चमक गेली की आत बी जून झालं समजावं. दोन सारख्या आकाराच्या वांग्यांतलं हलकं घ्यावं, ते कमी बियांचं. बाजारात हे पारखून घ्यावं लागतं. गच्चीवर तेच झाड रोज बघितलेलं असतं, म्हणून पारख आपोआप होते. तुराठ्यांवर भाजून, हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात घालून ठेचलेलं ते भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर खावं. तेवढ्यापुरती पात लावायला डब्याचा एक कोपरा राखून ठेवला असेल, तर त्या घरच्या माणसाला चवीचं कळतं असं मी मानतो.

या बागेत मला एकच गोष्ट खटकते: उन्हाळ्यातला हट्ट. पारा चाळिशी ओलांडतो, मिरचीची आणि टोमॅटोची फुलं गळतात, स्लॅब खालून भाजतो, तरी लोक हिरवी जाळी ताणून पाणी ओतत राहतात. त्यात रस नाही, जिद्द आहे. आणि जिद्दीनं मिळवलेला टोमॅटो चवीला आंबटढोणच असतो. शेवग्याला आणि कढीपत्त्याला राहू द्यावं, बाकीचे डबे जिन्याखाली सरकवावेत. त्या दिवसांत गच्ची बिबड्यांची, कुरडयांची आणि वाळवणाच्या मिरच्यांची असते, आणि जागेवरून वाद झालाच तर तो घरातल्या बायका जिंकतात.