पापणी लवली नाही तर माणूस नाही?

आज पुस्तकाबद्दल नाही, एका न्यायनिर्णयाबद्दल बोलायचं आहे. सर्वोच्च न्यायालयाचा, ३० एप्रिल २०२५ चा निकाल. याचिका प्रज्ञा प्रसून आणि त्यांच्यासारख्या ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींची. जोडीला दृष्टिहीन वकील अमर जैन यांची.

प्रकरण असं. खातं उघडताना डिजिटल केवायसीत मोबाइल सांगतो, पापण्यांची उघडझाप करा. समोर छापील फोटो नाही, जिवंत माणूस आहे, याची ती खातरजमा. पण ॲसिडने पापण्याच जायबंदी झाल्या असतील तर? त्या बाईंकडे कागदपत्रं आहेत, बोलता येतं, सही करता येते. तरी यंत्राच्या लेखी त्या जिवंत नाहीत!

आपल्याकडे न्यायशास्त्रात याला नाव आहे. लक्षण असं हवं की ते सगळ्यांना लागू पडेल. गाय म्हणजे तांबूस रंगाचा प्राणी, असं म्हटलं की पांढरी गाय बाहेर पडते. हा अव्याप्तीचा दोष. ॲप बनवणाऱ्याने काय केलं? स्वतःच्या शरीराचं लक्षण घेतलं आणि ते माणसाचं लक्षण ठरवून टाकलं. त्यात दुष्टपणा नाही, पण दार बंद झालं ते झालंच.

निकालाचं मोठेपण इथे आहे, की न्यायालयाने याला गैरसोय म्हटलं नाही. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. उघडझापेला पर्याय द्या, अंगठ्याचा ठसा स्वीकारा, संकेतस्थळांची ठरावीक काळाने सुगम्यता तपासणी करा. दया आणि हक्क यांतला फरक हाच. दया करणाऱ्याला कंटाळा येऊ शकतो, हक्काला ती मुभा नसते.

आता माझा आक्षेप. ॲपची चाचणी घेताना कोणाला सोबत घ्यावं, हे सांगताना निर्देशात उल्लेख येतो तो दृष्टिहीनांचा. कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषा, मथळे यांची तरतूद आहे, नाही असं नाही. पण ती त्यांच्यासाठी. चाचणीच्या टेबलाशी त्यांचं नाव नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. हात थरथरणारा माणूस, सावकाश वाचणारी मुलगी आणि खुद्द याचिका करणाऱ्या त्या स्त्रिया, यांना कोण बोलावणार? म्हणजे ज्या दोषावर निकाल बोट ठेवतो, तोच दोष उपायात थोडा शिल्लक राहिला.

आणि तपासणी म्हणजे तरी काय? चित्राला पर्यायी मजकूर हवा, असा नियम आहे. तिथे कोणी नुसतं ‘चित्र १’ लिहिलं, तर मजकूर आहे एवढं पाहणारं यंत्र ते पास करू शकतं. स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला मात्र काय कळलं? काहीच नाही. नियम पाळला गेला, माणूस बाहेरच राहिला.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. हे काम त्या व्यक्तीला, शेजाऱ्याला आपला पिन न सांगता, एकटीने पूर्ण करता आलं का? उत्तर ‘नाही’ असेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर लावून उपयोग नाही. थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.