‘विविध भारती’चा दिवस : एक संहिता

नभोवाणीची समीक्षा बहुधा एकेका कार्यक्रमापुरती होते. गीत सरस, नाटिका बेताची, असा निवाडा दिला की समीक्षकाचे काम संपते. श्रोत्याच्या कानी मात्र सबंध दिवस पडत असतो. म्हणून दिवस हीच एक संहिता मानून ‘विविध भारती’चा विचार येथे केला आहे.

ही सेवा ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर ह्यांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली होती व श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला होता. त्याला परत आणण्यासाठी हा ‘पंचरंगी’ उपक्रम योजण्यात आला. मुंबई व मद्रास येथून लघुलहरींवर होणारे त्याचे प्रक्षेपण दूरवर पोहोचे. रत्नागिरीस स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले ते १९७७ साली.

ह्या ‘विविधते’चे स्वरूप काय? ‘हवामहल’मधील नाटिकांसारखे अपवाद वगळता दिवसाचा मुख्य ऐवज चित्रपटगीताचाच. तरीही दिवस एकसुरी वाटत नसे. ‘भूले बिसरे गीत’मध्ये गीत हे स्मरण होते, ‘संगीत सरिता’मध्ये ते रागाचे उदाहरण ठरे, जवानांसाठीच्या ‘जयमाला’मध्ये ते निरोपाचे रूप घेई, रात्री ‘छायागीत’मध्ये तेच मनोवस्थेचे प्रतीक होई. नाम तेच राहून विभक्तीप्रत्ययाने त्याचा वाक्यातील संबंध पालटावा, तसा हा प्रकार आहे. येथे प्रत्ययाचे कार्य निवेदकाची वाणी करते. ती काढून घेतल्यास उरते ती केवळ गीतांची यादी. फर्माइशींच्या वाचनाने झुमरीतलैया हे आडबाजूचे गाव देशभर सर्वतोमुखी झाले, ह्यावरून त्या वाणीचे सामर्थ्य ध्यानी यावे.

परंतु मर्यादाही येथेच आहे. हे सारे प्रत्यय एकाच भाषेचे, हिंदीचे, होते. वैविध्य प्रहरांचे व प्रयोजनांचे होते, वाणीचे नव्हते. ह्याच्या उलट उदाहरण पुणे केंद्राचे. १९५५-५६ मध्ये तेथून आठवड्यामागून आठवडा प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’त कवी एक, संगीतकार एक, कथा एक; तथापि छप्पन्न गीतांत अनेक पात्रे आपापल्या भाववृत्तीने मराठीतच बोलली. वैविध्यास विस्तारच लागतो असे नाही, हे त्याने सिद्ध केले. अखिल भारतीय सेवेने प्रत्येक भाषेत बोलावे ही अपेक्षा अवाजवी होईल. ते कार्य प्रादेशिक केंद्रांचे. मात्र तेथेही प्रमाण मराठीबरोबर मालवणी, संगमेश्वरी आदी बोलींना कोणते स्थान मिळाले, त्या निवेदनात आल्या की केवळ विनोदापुरत्या, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आज गीत हवे तेव्हा भ्रमणध्वनीवर ऐकता येते. पण ते प्रत्ययावाचून, सुटे. गीते ध्वनिमुद्रिकांवर टिकली. निवेदने बहुतांशी हवेत विरली. भाषेच्या अभ्यासकास ही हानी उपेक्षणीय नाही, कारण लेखी नसलेल्या, तरीही घडवलेल्या सार्वजनिक वाणीचा तो मोठाच नमुना होता. श्रोत्यांच्या घरी त्याची मुद्रणे अद्याप असू शकतील, आणि वृद्धांच्या स्मरणात निवेदनाची वळणेही. रत्नागिरी जिल्ह्यापुरते का होईना, त्यांचे संकलन पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. विलंब झाल्यास समीक्षेला संहिताच उरणार नाही.