स्टीमपंकमधलं ‘पंक’ कुठे गेलं?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी माझ्या गाईड मॅडमना एक तक्ता दाखवला होता. डाव्या रकान्यात ‘खऱ्या पंक’ कादंबऱ्या, उजव्या रकान्यात ‘नावापुरत्या पंक’. जिच्यात बंडखोरी आहे ती डावीकडे. जिच्यात नुसती दातेरी चाकं, पितळी गॉगल आणि हवाई जहाजं आहेत ती उजवीकडे. मॅडमनी तक्ता शांतपणे वाचला आणि विचारलं, “हा संशोधनाचा तक्ता आहे की दहावीचा निकाल?”

राग आला, खोटं कशाला बोलू. पण त्या एका प्रश्नाने माझा अख्खा चॅप्टर बदलला. तुमच्यापैकी बरेच जण आता सिनॉप्सिस लिहायला घेत असाल, म्हणून ती चूक नीट उलगडून सांगते.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या उपप्रकारांना गेली चाळीस वर्षं ‘पंक’ हे शेपूट लागत आलंय: सायबरपंक, स्टीमपंक, सोलरपंक, सिल्कपंक, होपपंक. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी तक्रार करतं, की यात पंक काय आहे? माझा तक्ता म्हणजे हीच तक्रार, फक्त रकाने आखून केलेली.

आधी शब्द बघू. इंग्रजीत ‘पंक’ ही जुनी शिवी. शेक्सपिअरच्या काळात ती वेश्येसाठी वापरत, पुढे भुरट्या गुंडासाठी, वाया गेलेल्या पोरासाठी. १९७० च्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनच्या संगीतात ही शिवी मिरवायची गोष्ट झाली. वाजवता येत नसलं तरी गिटार घ्या, छापायला कोणी नसेल तर स्वतःच झेरॉक्स काढून मासिक काढा, असा तो खाक्या.

ब्रूस बेथकी या अमेरिकन लेखकाने १९८० मध्ये ‘सायबरपंक’ नावाची कथा लिहिली. ती १९८३ मध्ये छापून आली. त्याला नाव हवं होतं ते कॉम्प्युटरमध्ये तरबेज आणि उपद्व्यापी अशा पोरांसाठी. म्हणजे सायबरपंक हा मुळात माणूस होता. शाळेतलं व्याकरण आठवा: तत्पुरुष समासात दुसरं पद प्रधान असतं. राजवाडा हा शेवटी वाडाच असतो. तसा सायबरपंक हा एक प्रकारचा पंकच. १९८४ मध्ये संपादक गार्डनर डोझ्वा यांनी हा शब्द विल्यम गिब्सन, ब्रूस स्टर्लिंग वगैरे लेखकांच्या गटासाठी वापरला आणि तो साहित्यप्रकाराचं नाव झाला.

आता स्टीमपंक. १९८७ मध्ये के. डब्ल्यू. जेटर यांनी ‘लोकस’ मासिकाला पत्र लिहिलं. ते स्वतः, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक व्हिक्टोरियन काळातल्या अद्भुतकथा लिहीत होते. या मंडळींना काहीतरी नाव हवं, त्या काळच्या तंत्रज्ञानावरून ‘स्टीमपंक्स’ म्हणा हवं तर, असा त्यांचा मिश्कील सूर होता. यात दोन गोष्टी बघा. एक, पुस्तकं आधी आली आणि नाव नंतर: जेटर यांची ‘मॉरलॉक नाइट’ १९७९ ची, पॉवर्स यांची ‘द अनुबिस गेट्स’ १९८३ ची. दुसरी, ‘अनुबिस गेट्स’मध्ये वाफेपेक्षा जादूच जास्त आहे. म्हणजे या नावात ‘पंक’च काय, ‘स्टीम’सुद्धा तपासून घातलेलं नव्हतं! ती सायबरपंकच्या वजनावर केलेली गंमत होती.

इथेच समास उलटा झाला. पहिलं पद प्रधान झालं (वाफ, डिझेल, सूर्य) आणि ‘पंक’ उरलं ते ‘अशा वस्तूंभोवती रचलेलं जग’ एवढं सांगणारं शेपूट. हे काही जगावेगळं नाही. वॉटरगेट ही वॉशिंग्टनमधली एक वास्तू. १९७२ च्या प्रकरणानंतर ‘गेट’ कुठल्याही घोटाळ्याला लागायला लागलं. त्यात दरवाजा शोधणाऱ्याला आपण हसू. मग स्टीमपंकमध्ये १९७७ चं लंडन शोधणारी मी वेगळं काय करत होते? शब्दाचा उगम म्हणजे शब्दाची व्याख्या नव्हे. संशोधनात ही चूक फार सहज होते, कारण उगम शोधायला मेहनत लागते आणि मेहनतीने मिळालेली गोष्ट खरीच वाटते.

मग ‘पंक’ला काही अर्थच नाही? थांबा, हेही तितकंच घाईचं होईल. केन लिऊ यांनी ‘द ग्रेस ऑफ किंग्ज’ (२०१५) साठी सिल्कपंक हा शब्द आणला तेव्हा रेशीम, बांबू, पतंग यांबरोबरच त्यांनी स्पष्ट केलं, की इथलं ‘पंक’ शोभेचं नाही. सत्तेला आव्हान देणं आणि परंपरेतल्या वस्तू नव्याने वापरणं हा त्याचा अर्थ. होपपंक हा शब्द अलेक्झांड्रा रोलंड यांनी २०१७ मध्ये दिला. आशा हे काही तंत्रज्ञान नाही, त्यामुळे तिथे वस्तूचा नियमच मोडतो. आपल्याकडे २००६ च्या सिनेमामुळे रूढ झालेला ‘गांधीगिरी’ शब्द बघा. दादागिरी, भाईगिरीतला ‘गिरी’ तिथे मुद्दाम गांधींना जोडला आणि त्या टकरीतूनच अर्थ निघाला. होपपंकही तसंच: आशा धरणं हाच हट्ट, हेच बंड. म्हणजे झिजलेलं शेपूट लेखक पुन्हा धारदार करू शकतात.

आता माझ्या तक्त्याचा डावा रकाना. त्यात सगळ्यात वर होती गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ (१९८४). पुन्हा वाचली, आणि पंचाईत झाली. नायक केस हा बंड करत नाही, भाड्याने काम करतो. त्याच्या मज्जासंस्थेवर उपचार होतात, पण तो पळू नये म्हणून शरीरात विषाच्या पिशव्या बसवलेल्या असतात. तो ज्याचं काम करतो ती एक कृत्रिम बुद्धिमत्ता, आणि तीही एका गर्भश्रीमंत घराण्याच्या मालकीची. ‘खऱ्या पंक’चा आदर्शच माझ्या कसोटीवर नापास! म्हणजे कसोटीच चुकलेली.

मग मी प्रश्न बदलला. ‘ही पंक आहे का?’ याऐवजी: कथेतलं यंत्र कोणाच्या मालकीचं आहे, आणि ते कोणाच्या हाती पडतं? या प्रश्नाने पुस्तकं बोलायला लागली. ‘न्यूरोमॅन्सर’मध्ये स्वतःचं शरीरसुद्धा गहाण आहे. गिब्सन-स्टर्लिंग यांच्या ‘द डिफरन्स इंजिन’मध्ये (१९९०) चार्ल्स बॅबेजचं यंत्र यशस्वी झालंय आणि सरकार त्यावर नागरिकांच्या नोंदी ठेवतंय. निसी शॉल यांच्या ‘एव्हरफेअर’मध्ये (२०१६) बेल्जियमच्या राजाच्या काँगोत रबरासाठी हात तोडलेल्या माणसांना यांत्रिक हात मिळतात. ‘एव्हरफेअर’मध्येही हवाई जहाजं आहेतच, माझ्या जुन्या तक्त्याने ती सजावट म्हणून मोजली असती.

आपल्याला हा प्रश्न परका नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली ती विलायती कंपनीची होती, आणि कंपनीच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी हिंदुस्थानच्या महसुलातून दिलेली होती. त्यामुळे ज्या स्टीमपंकमध्ये वाफ आहे पण वसाहत नाही, त्यावर माझी टीका कायम आहे. फक्त आता ती ‘तुम्ही पंक नाही’ अशी नसते. ‘हा कोळसा कोणी खणला, आणि पैसे कोणाकडे गेले?’ अशी असते.

सिनॉप्सिस लिहिताना म्हणून दोन वाक्यं वेगवेगळी लिहा: लोक हा शब्द कसा वापरतात, आणि तो कसा वापरावा असं तुम्हाला वाटतं. दोन्ही लिहायला हरकत नाही, पण ती एकाच रकान्यात आली की तक्त्याचा निकाल होतो.

माझ्या नव्या तक्त्यात ‘खरं-खोटं’ नाही. तीन रकाने आहेत: यंत्र, मालक, हात. मॅडमनी तो पाहिला आणि म्हणाल्या, “चौथा रकाना कुठाय? मोडलं तर दुरुस्त कोण करतं?”

सध्या तेच वाचतेय.